उन्हाळ्यात गॅस आठच्या आत बंद: एक कुकर, चार कैऱ्या आणि बाल्कनीतला पाला

एप्रिल लागला की उन्हाळ्यात काय खावं, काय प्यावं याच्या याद्या सगळीकडे फिरायला लागतात आणि त्या चांगल्याच असतात, पण सगळ्या खाणाऱ्याचा विचार करून केलेल्या. गॅसपाशी जो कोणी उभा असतो त्याचं काय? बाहेर चाळिशीला टेकलेलं ऊन, किचनची खिडकी नेमकी पश्चिमेला, फॅन लावला तर ज्योत हलते म्हणून तोही बंद, आणि त्यात बारा वाजता गरम पोळ्या हव्यात. हे बदलता येतं, आणि त्यासाठी वेगळे पदार्थ शिकायची गरजच नाही. आपल्याकडचे जुने उन्हाळी पदार्थ बघा, आंबेडाळ, पन्हं, तक्कू, खमंग काकडी, दडपे पोहे. बहुतेकांना गॅस लागतो तो फक्त फोडणीपुरता. आपण करतो काय, तर त्यांना चैत्रातल्या हळदीकुंकवाला एकदा करतो आणि रोजच्या जेवणात मात्र तीच दोन भाज्यांची आणि गरम पोळ्यांची घाई.

पुण्याची एक जमेची बाजू आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत आणि हवा कोरडी, त्यामुळे दिवसा कितीही भाजलं तरी पहाटे बऱ्यापैकी गारवा असतो. तो गारवा वापरायचा. सगळं गॅसवरचं काम सकाळी आठच्या आत संपवायचं, आणि नंतर दिवसभर फक्त चिरणं, किसणं, कालवणं. खाली दिलेलं सगळं चार माणसांच्या हिशोबाने आहे.

आदल्या रात्री

तीन गोष्टी, दहा मिनिटं. एक वाटी हरभऱ्याची डाळ धुऊन भरपूर पाण्यात भिजत घाला. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी ताकात कालवून झाकून ठेवा, फ्रीजमध्ये नाही, बाहेरच. आणि दही लावा.

दह्याबद्दल थोडं सांगते कारण उन्हाळ्यात दही आंबट होतं ही तक्रार घरोघरी असते. थंडीत जेवढं विरजण लावतो तेवढंच एप्रिलमध्ये लावलं तर दही आंबणारच. अर्धा लिटर दुधाला छोटा अर्धा चमचा विरजण खूप झालं, दूध बोटाला जेमतेम कोमट लागेल इतपतच, आणि विरजण लावून झाल्यावर सारखं हलवून बघायचं नाही. रात्री उशिरा लावलंत तर पहाटे उठेपर्यंत लागलेलं असतं. उठल्या उठल्या पहिलं काम ते फ्रीजमध्ये सरकवणं, चहाच्याही आधी. तासभर जास्त बाहेर राहिलं की चव बदलते.

सकाळी, ऊन यायच्या आत तोडणी

गच्ची असो, बाल्कनी असो नाहीतर खिडकीच्या ग्रिलमधल्या चार कुंड्या असोत, पाला तोडायचा तो ऊन चढायच्या आत. रात्रभरात पानांत पाणी भरलेलं असतं, पानं ताठ असतात. तोच पुदिना दुपारी अकराला तोडलात तर हातात येतानाच मान टाकतो. तोडलेल्या काड्या पाण्याच्या ग्लासात उभ्या ठेवायच्या, वरून ओलं फडकं, की दुपारपर्यंत ताजं.

उन्हाळ्यात कुंडीत काय लावावं यावर माझं मत ठाम आहे. कोथिंबीर, पालक, मेथी यांच्या मागे लागू नका. कोथिंबिरीला या उन्हात चार पानं धरली की लगेच फुलोरा येतो, पालक जून होतो. त्याऐवजी तांदुळजा लावा, राजगिरा लावा, त्यांना ऊन मानवतं. पेरल्यावर तीन-चार आठवड्यांत पहिली खुडणी होते, आणि मुळासकट न उपटता वरची चार बोटं खुडली की बाजूने परत फुटतात. घोळ तर लावावी पण लागत नाही, कुठल्यातरी कुंडीत आपोआप उगवते आणि लोक तण म्हणून उपटून टाकतात. मांसल, किंचित आंबट पानं असतात, ताकातली भाजी फार छान होते. फक्त घोळीसारखीच दिसणारी दुसरी झुडपं पण कुंड्यांत येतात, तेव्हा आधी ओळखणाऱ्या कोणाला तरी दाखवा. देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, सरळ फेकून द्या.

पुदिना मंडईतून आणलेल्या जुडीतल्याच जाड काड्यांपासून होतो. पानं स्वयंपाकाला काढून घ्या, शेंड्याची दोन-तीन ठेवा, काडी पाण्यात ठेवली की आठवडाभरात पांढरी मुळं दिसतात, मग कुंडीत. दुपारचं ऊन त्याला सोसत नाही, सकाळचं पुरतं. कढीपत्ता, गवती चहा, ओव्याचं झाड ही मंडळी सोशिक. कुंड्यांत मातीवर वाळलेला पालापाचोळा पसरून ठेवा, पाणी बरंच कमी लागतं, आणि उन्हाळ्यात पाणीकपातीच्या बातम्या यायला लागल्या की याची किंमत कळते. तांदूळ-डाळीचं धुवण पण सिंकमध्ये न ओतता कुंड्यांना घाला, मीठ घातलेलं पाणी मात्र नाही.

एकच कुकर

आता गॅस पेटवायचा. मोठ्या कुकरमध्ये तीन डबे: तुरीची डाळ, तांदूळ, आणि दोन कैऱ्या. कैऱ्या सालासकट, अख्ख्या, धुऊन, डब्यात घालून वर घट्ट झाकणी. झाकणी विसरू नका कारण कैरीचं आंबट पाणी उतू जाऊन डाळीत पडलं तर डाळ शिजत नाही, आंबटाने डाळीचे दाणे टणक राहतात. म्हणूनच आमटीत चिंच, कोकम नेहमी डाळ शिजल्यावर. डाळ अर्धा तास आधी भिजवली असेल तर तीन शिट्ट्या पुरतात, गॅस बंद करा, बाकीचं काम आतली वाफ करते.

कुकर होईपर्यंत दुसऱ्या बर्नरवर आंबील. तीन वाट्या पाणी उकळायला ठेवा, त्यात मीठ, जिरं, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, उकळी आली की रात्री भिजवलेली नाचणी परत एकदा ढवळून बारीक धारेने सोडा आणि हात थांबवू नका, नाहीतर गुठळ्या. पाच-सात मिनिटांत रंग गडद होतो, चमक येते, कच्चा वास जातो. उतरवून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच दोन वाट्या ताक घाला. गरम असताना ताक ओतलं तर ते फाटतं. वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर. उन्हातून येणाऱ्याला हे ग्लासभर द्या, सरबतापेक्षा पोटाला आधार मिळतो.

त्याच वेळात पोळ्या. हो, पोळ्या सकाळीच करून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, कणीक भिजवताना पाण्यात थोडं दूध घातलं की दुपारीही मऊ राहतात. गरम पोळीच हवी असा घरात कोणाचा आग्रह असेल तर त्यांनी दुपारी तव्यापाशी स्वतः उभं राहावं, हे मी अगदी मनापासून सांगते.

तांदुळज्याची भाजी शेवटी. तेलात लसूण, सुकी मिरची, चिरलेला पाला, मीठ पाला खाली बसल्यावर (आधी ढीग बघून घातलं तर हमखास खारट), झाकण न ठेवता पाच मिनिटं. संपलं.

आणि एक मोठी फोडणी. फोडणीच्या पळीत अर्धी वाटी तेल, मोहरी पूर्ण तडतडू द्या, हिंग जरा सढळ, गॅस बंद करून मग हळद. यातली थोडी आमटीला, बाकीची वाटीत काढून गार करायला ठेवा. आंबेडाळ आणि तक्कू दोन्हीला ही गार फोडणीच लागते, गरम घातली तर कच्च्या कैरीचा करकरीतपणा जातो. झालं, गॅस बंद. घड्याळ बघा, आठ वाजले नसतील.

कैरीची तीन कामं

कैरी निवडताना पन्ह्याला आंबटढाण गावरान बघायची. राजापुरी मोठी, दिसायला देखणी, किसायला सोपी, म्हणून ती लोणच्याला, साखरांब्याला ठीक, पन्ह्यात मात्र तिचा आंबटपणा कमी पडतो. आणल्यावर देठाकडचा भाग कापून अर्धा तास पाण्यात टाकून ठेवा, चीक निघून जातो. या चिकामुळे घसा खवखवतो आणि काहींच्या ओठांना पुरळ पण येतं.

पन्हं: कुकरमधल्या कैऱ्या हात लावता येईल इतपत निवल्या की साल ओढून काढा. सालाच्या आतल्या बाजूला भरपूर गर चिकटलेला असतो, तो चमच्याने खरवडून घ्या, साल टाकायची घाई नको. कोय हाताने पिळून घ्या. गर कोमट असतानाच गूळ घाला म्हणजे आपोआप विरघळतो. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, कैरी किती आंबट त्यावर, पाव चमचा मीठ, वेलदोड्याची पूड, असेल तर चार काड्या केशर. मिक्सरला एकदा फिरवून गाळणीतून काढलं की दोरे राहत नाहीत. हा झाला अर्क. काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये आठ दिवस आरामात राहतो, तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट ठेवायचं नाही. प्यायच्या वेळी ग्लासात दोन-तीन चमचे अर्क आणि माठातलं पाणी. काही जण पन्ह्यात पुदिना, भाजलेलं जिरं, काळं मीठ घालतात, चव वाईट नाही, पण मला पन्हं वेलदोड्याचंच आवडतं, पुदिना मठ्ठ्याला ठेवावा.

माठाचं म्हणाल तर पुण्याच्या हवेत माठ मुंबईपेक्षा जास्त चांगलं काम करतो. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, आणि हवा जितकी कोरडी तितकं हे वाळणं भराभर होतं. म्हणून माठ वाऱ्याच्या जागी ठेवा, कोपऱ्यात कपाटाखाली नाही. वाळ्याची जुडी टाकत असाल तर दोन दिवसांनी काढून उन्हात खणखणीत वाळवून मग परत.

आंबेडाळ: भिजलेली डाळ चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. या पदार्थाचं सगळं यश इथे आहे. पाणी राहिलं की डाळ चिकट होते आणि मग काही केलं तरी तो मोकळेपणा येत नाही. निथळली की दोन-तीन हिरव्या मिरच्या घालून मिक्सरला थांबत थांबत फिरवा, पाण्याचा थेंब नाही, बोटांत धरल्यावर रवाळ लागायला हवी, अधूनमधून अर्धा दाणा दिसला तर उत्तमच. एका कैरीचा कीस सगळा एकदम घालू नका, आधी अर्धा घाला, चाखा, मग वाढवा, कारण प्रत्येक कैरी वेगळी. मीठ, चमचाभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि ती गार फोडणी तीन चमचे. डाळ कच्ची असते, फोडणीतला हिंग म्हणूनच सढळ. एरवी ही डाळ चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाटीभर मिळते, अक्षय्य तृतीयेनंतर कोणी नावही काढत नाही. कैऱ्या मिळतायत तोवर आठवड्यातून एकदा करा, पोळीबरोबर भाजीची गरज उरत नाही. उन्हाळ्यात ती सकाळी करून दुपारीच संपवायची, रात्रीपर्यंत बाहेर ठेवायची नाही.

तक्कू: चौथी कैरी आणि एक कांदा किसून, कांद्याचं पाणी थोडं पिळून, गूळ, लाल तिखट, मीठ, गार फोडणी. पाच मिनिटं मुरू द्या. बस, एवढंच.

काकडी चोचवायची कशी

खमंग काकडी सगळ्यांना येते असं आपण धरून चालतो आणि मग किसलेल्या काकडीचा पाणचट लगदा ताटात येतो. किसणी बाजूला ठेवा. काकडी सोलून डाव्या हातात उभी धरा, देठ तळव्याकडे, आणि धारदार सुरीने वरून हलके हलके घाव घालत जा, काकडी हातात फिरवत. सगळीकडे बारीक उभ्या चिरा पडल्या की तोच वरचा थर आडवा कापून खाली ताटलीत पाडायचा, परत घाव, परत कापणी. बारीक, कोरडे, करकरीत तुकडे पडतात. हात बसेपर्यंत सावकाश करा, सुरीखाली बोटं येणार नाहीत असं धरा, आणि फारच भीती वाटत असेल तर पाटावर अगदी बारीक चिरा, पण किसू नका.

त्यात दाण्याचं कूट तीन चमचे, ओलं खोबरं, लिंबू, चिमूटभर साखर, वरून तूप-जिऱ्याची मिरची घातलेली फोडणी. मीठ ताटं वाढल्यावर. मीठ लागलं की काकडी पाणी सोडायला लागते.

घरच्या वेलाची काकडी असेल तर आधी देठाकडचा तुकडा चाखा. उन्हाळ्यात वेलाला पाण्याचा ताण बसला की काकडी कडू होते, आणि दुधीचंही तेच. थोडी कडू काकडी देठ कापून सुधारते असं म्हणतात, पण चांगलीच कडू लागली तर टाकून द्या. कडू दुधी तर अजिबात खायचा नाही, शिजवूनही नाही, रस तर नाहीच, त्याने विषबाधा होते. एवढा चांगला दुधी वाया जातोय म्हणून जीव हळहळतो, तरीही टाका.

दुपार आणि रात्र

दुपारी ताटात काय आलं बघा: पोळी, तांदुळजा, आमटी-भात, आंबेडाळ, तक्कू, काकडी, आंबील. आणि दुपारी गॅस पेटला तो फारतर तूप-जिऱ्याच्या फोडणीपुरता, नाहीतर तीही सकाळीच करून ठेवा. उरलेला भात मात्र जेवणं होईपर्यंत ओट्यावर राहू देऊ नका. या हवेत शिजलेला भात, डाळ तासाभराच्या वर बाहेर नको. सकाळीच निवलं की भात-आमटी फ्रीजमध्ये, जेवायच्या वेळी लागेल तेवढं काढायचं, उरलेल्या भाताचा रात्री दहीभात होतो.

नाहीतर रात्री दडपे पोहे. पातळ पोहे चार वाट्या, चाळून. बारीक चिरलेला कांदा, चोचवलेली काकडी, एक वाटी ओलं खोबरं, लिंबू, मीठ, साखर हे सगळं आधी हाताने चांगलं कालवा, मग त्यात पोहे, आणि शहाळ्याचं किंवा नारळाचं पाणी शिंपडून वर ताटली ठेवून त्यावर वजन. वीस मिनिटं दडपून राहिले की त्या ओलाव्यातच पोहे मऊ होतात. पोहे धुवायचे नाहीत, भिजवायचे नाहीत. वरून कढीपत्ता, शेंगदाणे, मिरचीची फोडणी, ती करायला दोन मिनिटं गॅस लागेल तेवढा चालेल, सात नंतर खिडक्या उघडल्या की वाराही सुटलेला असतो. बरोबर मठ्ठा: ताकात आलं, मिरची, पुदिना वाटून, मीठ, साखर, जिऱ्याची पूड.

कलिंगड खाल्लं तर त्याचा पांढरा भाग फेकू नका. हिरवी साल काढून तो किसा, पाणी न घालता त्याच ओलाव्यात भाजणी भिजवा, थालीपीठ लुसलुशीत होतं. पण थालीपीठ म्हणजे तवा आला, तेव्हा ते सकाळच्या खात्यात.

वळीव झाला तर

मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी धूळ उडते, वीज कडाडते आणि वळवाचा पाऊस येतो. सोसायटीत आंब्याचं झाड असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी खाली कैऱ्यांचा सडा. या कैऱ्या पन्ह्यासाठी साठवायच्या नाहीत, आपटलेल्या असतात, एका दिवसात काळ्या पडायला लागतात. मार लागलेला भाग काढून टाका आणि त्यांचा लगेच मेथांबा करा, शेजारच्या काकूंनाही वाटीभर देता येतो. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, एक चमचा मेथीदाणे, ते तांबूस होईपर्यंतच, काळे झाले तर कडवटपणा जात नाही. हिंग, हळद, दोन वाट्या कैरीच्या फोडी सालासकट, अर्धी वाटी पाणी, झाकण. फोडी मऊ झाल्या पण मोडल्या नाहीत अशा वेळी दीड वाटी गूळ, तिखट, मीठ. गूळ विरघळून एक उकळी आली की उतरवा, गार झाल्यावर तो अजून दाटतो. बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवलात आणि दरवेळी कोरडा चमचा वापरलात तर आठ-दहा दिवस मस्त टिकतो, दहीभाताबरोबर तर खासच लागतो.